नखाखालची शाई

सगळ्यात आधी हे सांगून टाकते की मी नाजूक बाई नाही. दोन बाळंतपणं झाली, तेव्हा मी ओरडल्याचं कुणालाही आठवत नाही. दुकानाचं शटर रोज मीच वर सारते. एकदा पायावर इस्त्री पडली तर आधी इस्त्री उचलून जागेवर ठेवली आणि मग पायाकडे बघितलं. हे सांगायचं कारण असं की पुढं जे एका बोटाचं पुराण येणार आहे, ते वाचून कुणी म्हणू नये की बाईला सोसवत नव्हतं. असं म्हणणारे मला घरात पुष्कळ भेटलेत, बाहेरच्यांची गरज नाही.

धारूरच्या पेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. मी आणि आमचे हे, दोघं मिळून चालवतो. हे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना चहा सांगतात आणि मी साड्या दाखवते, म्हणजे दुकान कोण चालवतं ते आलंच. सासूबाई आमच्याजवळ राहतात. त्यांना मी आत्या म्हणते. सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा, आणि त्यानंतर दिवसभर माझ्या चुका, असा त्यांचा नेम. धाकटे दीर आमच्या मूळ गावी असतात. ते शेती बघतात असं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते निवडणुका बघतात आणि शेतीकडे शेती बघते.

दुखणं सुरू झालं एका थंडीत. पहाटे नळ आला म्हणून भांडी घासायला बसले, पाण्यात डावा हात घातला आणि अंगठ्याशेजारच्या बोटातून, अगदी नखाच्या मुळातून, अशी कळ निघाली की ती मनगट, कोपर करत थेट बगलेत जाऊन थांबली. हातातलं पातेलं सुटलं. आत्या देवघरातून ओरडल्या, "कावून आदळतीस गं भांडी? नवी आणायची हायेत का?"

मी म्हटलं, बोट दुखतंय. त्या आल्या, बोट बघितलं. बोट साधं, सरळ, सुंदर. ना सूज, ना लाली, ना पू. त्यांनी बोट परत माझ्या हवाली केलं आणि म्हणाल्या, "नखुरडं होणार असंल."

नखुरड्यावर आमच्याकडे एकच इलाज. लिंबाला भोक पाडायचं, आत हळद भरायची आणि ते लिंबू टोपीसारखं बोटावर चढवायचं. माझ्यावरही तो झाला. लिंबू चढवताना आत्यांनी जरा दाबलं आणि मी अशी किंचाळले की शेजारची बाई पीठ मळायचं सोडून धावत आली. पण चढवलेलं लिंबू उतरवायचं नाही म्हणून तसंच घेऊन दुकानात गेले. दिवसभर एका हातानं साड्या उलगडत होते आणि दुसऱ्या हातावर लिंबू. प्रत्येक गिऱ्हाईक आधी लिंबाचं विचारायचं आणि मग साडीचं. एका बाईनं तर दृष्ट काढायची ही कुठली नवी पद्धत, म्हणून बारकाईनं चौकशी केली.

नखुरडं काही झालं नाही. दुखणं मात्र राहिलं, आणि त्याच्या खोड्या हळूहळू माझ्या लक्षात यायला लागल्या. एक म्हणजे त्याला थंडी चालत नव्हती. थंड पाणी, फ्रीजमधलं दही, माठाला हात लागणं, सगळ्यावर कळ. कोमट पाण्यात बोट धरलं की शहाण्यासारखं गप्प. दुसरं म्हणजे त्याला धक्का चालत नव्हता. नखाच्या मुळाशी एक इतकुशी जागा होती, तिथं साडीची घडी जरी टेकली तरी डोळ्यांपुढं काजवे. त्याच बोटाला दुसरीकडे कुठंही चिमटा काढा, काही नाही.

हे मी घरात सांगितलं आणि तिथंच चुकलं. आत्यांनी हिशेब मांडला: गरम पाण्यानं दुखत नाही, थंड पाण्यानं दुखतं. भांडी आणि धुणं थंड पाण्यात असतं, चहा गरम असतो. "तुजं बोट लई हुशार हाय," त्या म्हणाल्या. "कामाच्या वक्ताला बरोबर दुखतंय. दिंद्रुडचं हाय ना."

दिंद्रुड माझं माहेर. माझ्यातलं जे जे त्यांना पटत नाही ते सगळं दिंद्रुडहून आलेलं असतं. मी पण कमी नाही. म्हटलं, "आत्या, दिंद्रुडची नऊ बोटं गप हायेत. हे दहावंच तुमच्या घरात बिघडलंय." त्यानंतर दोन वेळा स्वयंपाकघरात फक्त भांडीच बोलली.

डॉक्टर झाले नाहीत असं नाही. गावातल्या डॉक्टरांनी बोट उलटंसुलटं करून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. परळीला माल आणायला गेलो तेव्हा तिथं फोटो काढला. फोटो बघून तिथले डॉक्टर म्हणाले, हाड एकदम छान आहे. इतकं कौतुक माझ्या कुठल्याही अवयवाचं आजवर झालं नव्हतं. मग त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं की घरात काही टेन्शन आहे का. ह्यांनी आत्यांचा विचार केला, माझा विचार केला आणि "न्हाई बा" म्हणाले.

दिरांचं मत वेगळंच. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख हवेतून येते, पाण्यात उतरते आणि तिथून बोटात शिरते, असं त्यांचं म्हणणं. बोट माझं एकटीचंच का धरलं, याचं उत्तर ते पुढच्या मोर्चात देणार होते.

दुकानात मात्र बोटाचा फायदा झाला, तोही सांगते. एक बाई पैठणीचा भाव पाडत बसली होती. पाडता पाडता तिनं पदर झटकला, त्याची जरी बरोबर माझ्या नखावर लागली आणि मी "अगं माय, मेले!" म्हणून अशी ओरडले की ती उठूनच उभी राहिली. तिला वाटलं भाव ऐकून मी ओरडले. बिचारीनं सांगितलेले पैसे मुकाट्यानं ठेवले आणि साडी घेऊन गेली. हे तिकडून माझ्याकडे मोठ्या आदरानं बघत होते.

पण हसण्यावारी नेलं तरी आतून मी घाबरले होते. आमच्या पेठेत एका म्हाताऱ्याचं बोट साखरेच्या आजारानं काढलं होतं. तो दुकानासमोरून जायचा तेव्हा मी माझं बोट मुठीत लपवायची. साडीची घडी घालताना, काठ मोजताना, जरीचा पोत बघताना हेच बोट पुढं असतं. ते गेलं तर? आणि जाण्याआधी, हे खरंच दुखतंय असं एकदा तरी कुणी मानेल का? रात्री पांघरुणाची कड लागून जाग यायची तेव्हा मला दुखण्यापेक्षा या न मानण्याचाच राग जास्त यायचा.

मधे विधानसभेची निवडणूक झाली. मतदान केलं, त्याच बोटाला शाई लागली. शाई लावणाऱ्या बाईंनी काडी नखावर टेकवली आणि मी तोंडात पदर कोंबला. लोकशाहीसाठी तेवढं केलं. सगळ्यांची शाई यथावकाश गेली. कातडीवरची माझीही गेली. पण नखाच्या मुळाशी एक निळसर ठिपका राहिलाच. हे म्हणाले, शाई चांगल्या कंपनीची असणार. आत्या म्हणाल्या, ही नीट हात धूत नाही. धुणार कशी, थंड पाणी होतं ना! मी रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, म्हणजे चोळायचा प्रयत्न केला. ठिपका जिथल्या तिथं. मग मीही नाद सोडला. दुखतंय तेच कुणी मानत नाही, त्यात ठिपक्याचं काय घेऊन बसायचं.

वर्ष उलटून गेल्यावर गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमची नावं अजून गावच्याच यादीत आहेत. दिरांचं पॅनल उभं होतं, त्यामुळे आजारी, म्हातारे, परगावी गेलेले, सगळे मतदार गोळा करणं चाललं होतं. आम्हाला आणायला सकाळीच जीप आली. दिरांनी ताकीद दिली, "वैनी, एकेक मत सोन्याचं हाय. वेळ घालवू नका."

शाळेच्या खोलीत मतदान होतं. एका बाजूला दोन्ही पॅनलचे एजंट बसले होते. समोरच्या पॅनलचा एजंट म्हणजे गावातला खताचा दुकानदार. आमच्याच दुकानातून बायकोला साड्या नेतो, बोलायला गोड, पण त्या दिवशी त्याच्या अंगात पॅनल आलं होतं. मी चिठ्ठी दिली, नाव पुकारलं गेलं, डावा हात पुढं केला. शाईची बाई काडी बुडवता बुडवता थांबली. म्हणाली, "ताई, तुमच्या बोटाला शाई आहे."

मी म्हटलं, "ती मागची."

"मागची म्हंजी?" एजंट उठून उभा राहिला. "मागची म्हंजी सकाळची का? साहेब, बोगस हाय हे! दुसऱ्या वॉर्डात टाकून आलीय ही बाई!"

आमच्या पॅनलचा एजंट आतापर्यंत पेंगत होता, तो जागा झाला आणि कशाबद्दल ते न कळताच म्हणाला, "ए, तोंड सांभाळून बोल बे!" बाहेरची रांग दारात येऊन डोकवायला लागली. केंद्राध्यक्ष म्हणून एक वयस्कर मास्तर होते. ते म्हणाले, "थांबा, थांबा. विधानसभेची शाई आजपर्यंत राहत नसते, बाई."

"राहिलीय ना पण," मी म्हटलं. "त्याला मी काय करू?"

"काय करू म्हंजी? ताजी असंल तर आत्ता निघंल," एजंट म्हणाला. कोपऱ्यात गार पाण्याचा जार होता. त्यानं रुमाल काढला, जारखाली धरून चिंब केला आणि मास्तर "हात लावू नका, हात लावू नका" म्हणेपर्यंत माझं बोट त्या बर्फासारख्या रुमालात धरून नखाच्या मुळावर अंगठ्यानं खसाखसा चोळलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा उजवा हात मोकळा होता, तो गेला. आवाज इतका स्वच्छ आला की बाहेरच्या रांगेतल्या बोलण्यालाही खंड पडला. खतवाल्याच्या गालावर माझ्या हाताची पाची बोटं आणि मी मात्र खाली बसून, डाव्या हाताचं बोट पोटाशी धरून रडतेय. दारातला पोलीस आत आला, पण मारणारी रडतेय आणि मार खाल्लेला गप्प उभा आहे हे बघून कुणाला धरावं ते त्याला कळेना. त्या थपडेबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी ते बोट दाबलं, त्या सगळ्यांची मिळून ती होती.

मास्तरांनी यादी बघितली. माझ्या नावापुढं खूण नव्हती. त्यांनी दोघांनाही दम दिला आणि मला मतदान करू दिलं. शाई लावायची तर पहिलं बोट मी देईना, म्हणून शेजारच्या बोटाला लावली.

आणि तिथंच, मशीनकडे जाता जाता, मला ते दिसलं. दोन बोटं शेजारी शेजारी होती. मधल्या बोटावरची शाई नखाच्या वर बसली होती, काळपट, जाड, नखाच्या कडेनं ओघळलेली. पहिल्या बोटाचा निळा रंग नखाच्या वर नव्हताच. तो नखाखाली होता. नख त्याच्यावर काचेसारखं स्वच्छ होतं आणि आतून तो दिसत होता. मी रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, ते सगळं काचेच्या वरून! मशीनपुढं उभी राहिले तरी मी बोटाकडेच बघत होते. मत कुणाला दिलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, कारण त्या वेळी कोणतं बटण दाबलं ते मला स्वतःलाच नक्की आठवत नाही. दिरांना हे कळू नये.

दोन दिवसांनी मोजणी झाली, दिरांचं पॅनल आलं, पण काठावर. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर माझ्या बोटाचा फोटो फिरला. ठिपक्याभोवती लाल गोल, आणि खाली लिहिलेलं, हीच का लोकशाही. फोटो काढला कुणी आणि कधी, देव जाणे. लगोलग समोरच्या पार्टीनं तक्रार करणार म्हणून जाहीर केलं.

दोन वर्षं मी ज्या बोटासाठी चांगला डॉक्टर दाखवा म्हणत होते, त्या बोटाच्या चौकशीला दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात जीप उभी. दीर खाली उतरले, पांढरे कपडे, कपाळाला गुलाल तसाच. "वैनी, चला. अंबाजोगाईला कातडीच्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई हायेत. शाई न्हाई म्हणून सर्टिफिकेट घेऊ. इज्जतीचा सवाल हाय."

"माझं बोट दुखतंय त्याचं काय?" मी विचारलं.

"ते पण दाखवू की," दीर म्हणाले. "जातोयच तर."

आडसमार्गे अंबाजोगाईपर्यंत जीपमध्ये मी, हे, दीर, त्यांचे दोन कार्यकर्ते आणि आत्या. आत्या कशाला, तर घराण्याची इज्जत म्हणजे त्यांचाच विषय. सबंध रस्ता मी बोट पदरात गुंडाळून बसले होते. निळं काय असेल, ते मनात सारखं चाललं होतं. काढावं लागलं तर कुठून काढतील, पेरातून की मुळातून, असले विचार.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, माझ्याहून बऱ्याच. सहा माणसं आत शिरलेली बघून त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

"पेशंट असं न्हाई मॅडम," दीर खुर्ची ओढत म्हणाले, "प्रकरण असं हाय की वॉर्ड क्रमांक..."

"पेशंट सोडून सगळे बाहेर बसा," त्या म्हणाल्या. दिरांना कुणी असं बाहेर काढल्याचं मी प्रथमच बघितलं. मला तिथंच निम्मं बरं वाटलं.

मग त्यांनी माझं बोट नुसतं बघितलं. हात लावला नाही. उजेडात धरायला सांगितलं, एका भिंगातून नीट पाहिलं आणि विचारलं, "थंड पाण्यात हात घातला की काय होतं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी काही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या थांबल्या. घाई केली नाही.

नंतर त्यांनी एक टोकदार काडी घेतली आणि तिच्या टोकानं बोटावर ठिकठिकाणी हलकंच टेकवत गेल्या. इथं दुखतं? नाही. इथं? नाही. इथं? मी खुर्चीतून उडाले. "इथंच," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या कळेनं आनंद झालेली बाई मी बघितली ती तीच, आणि मला तिचा राग आला नाही. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून त्यांनी तो घट्ट फुगवला, हात पांढरा पडला, आणि पुन्हा त्याच जागी काडी टेकवली. मी डोळे गच्च मिटून घेतले.

काहीच नाही. काडी टेकलेली मला कळत होती आणि दुखत नव्हतं.

"हा पट्टा घरी नेता येईल का?" मी विचारलं. त्या खळखळून हसल्या.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या बोटांच्या टोकांना कातडीत बारीक बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंडाळ्या असतात, थंडी-गरमीप्रमाणे रक्त कमीजास्त सोडायचं त्यांचं काम. त्यातली एखादी गुंडाळी कधी कधी वाढते आणि तिची गाठ होते. रक्त अडवलं की ती गप्प बसते, थंडी लागली की बोंबलते. क्वचित कुणाला होते, म्हणून पटकन ध्यानात येत नाही. तिला ग्लोमस ट्यूमर म्हणतात.

दाराबाहेर दिरांचा कान लागलेलाच होता. 'ट्यूमर' शब्द ऐकला आणि ते दार ढकलून आत आले. गुलालाखालीही चेहरा पांढराफटक दिसत होता. "मॅडम, वाचतील ना आमच्या वैनी?" निवडणूक, सर्टिफिकेट, वॉर्ड, सगळं विसरलं होतं. दिरांवर मी पुष्कळ वेळा चिडते, पण त्यांचा तो आवाज माझ्या लक्षात आहे.

"साधी गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही. सोनोग्राफी करून नक्की करू आणि छोट्या ऑपरेशननं काढून टाकू. काढलेली गाठ तपासायला पाठवतेच."

"बोट?" मी विचारलं.

"बोट कशाला काढायचं? नख फक्त उचलायचं, ते पुन्हा येतं."

माझा जीव भांड्यात पडला. दिरांचाही पडला, आणि पडल्या पडल्या त्यांचं डोकं पुन्हा चालायला लागलं. "म्हंजी हे शाईचं न्हाई, असं लिहून मिळंल ना?"

परत जाताना जीपमध्ये ते फोनवर सांगत होते, "अरे, साधासुधा रोग न्हाई बे! लई दुर्मीळ! पार्टीत कुणाच्या घरी हाय का असला, विचार!" गावात शिरेपर्यंत माझी गाठ आमच्या घराण्याचा मान झाली होती. तक्रारीचं पुढं काही झालं नाही. खतवाल्याची बायको बघायला आली, जाताना नवऱ्याच्या वतीनं दोन शब्द बोलली आणि एक साडी घेऊन गेली.

ऑपरेशन जागेपणी झालं. बोटाच्या मुळाशी सुया दिल्या, त्या सुयांनी मात्र मला लिंबाची आठवण करून दिली. मग बोट मेल्यासारखं झालं. मुळाशी रबर बांधलं, नख उचललं, आत काहीतरी हळूच सोडवलं, खालची जागा शिवली. मी हट्ट धरला की मला दाखवा. चिमट्यात एक लालसर, चकचकीत दाणा होता, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. मी किती तरी वेळ बघत राहिले. एवढ्याशा जिवानं माझी झोप खाल्ली, मला घरात ढोंगी ठरवलं आणि एका भल्या माणसाच्या थोबाडीत दिली! त्याला दोन शिव्या घालाव्यात असं मनापासून वाटलं. घातल्याही, पण दिंद्रुडच्या असल्यामुळे इथं लिहीत नाही. तपासणीचा निकाल डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच आला.

या सगळ्यात आत्या गप्प होत्या. घरी आल्यावर भांडी त्यांनी आपणहून ओढून घेतली. मी वाट बघत होते की आता त्या काहीतरी म्हणतील, निदान "दुखत होतं तर" एवढं तरी. नाही म्हणाल्या. मीही ऐनवेळी ऐकवायला दहा-बारा वाक्यं तयार ठेवली होती.

नवं नख अर्ध्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी हे दुकानात होते. आत्या माझ्या खोलीत आल्या, दार लावलं, कडी घातली. माझ्याकडे पाठ केली, पदर सारला आणि चोळीची बाही खांद्यावरून खाली ओढली. पाठीवर, चोळीची शिवण जिथं येते तिथं, सुपारीपेक्षा मोठी गाठ होती. वरची कातडी घासून घासून काळी पडलेली.

"त्या पोरीला हे दाखवता येईल का?" त्या भिंतीला म्हणाल्या.

"आत्या! कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

माझी तयार ठेवलेली वाक्यं कुठं गेली कळलं नाही. दुसरीच आली, आणि मी ओरडलेच, "मग बोलला कावून न्हाई? इतकी वर्सं?"

"कुणाला बोलू? धुणं तर धुवायचंच होतं," आत्या म्हणाल्या आणि बाही वर ओढली. "अन् धाकट्याला सांगू नको. निवडणूक झाली. आता जीप कोण देतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, दाबून हलवून बघितली आणि सांगितलं की चरबीची आहे, घाबरायचं काही नाही, आजच काढून टाकू. आत्यांनी मान हलवली. त्यांना पालथं झोपवलं. मी डोक्याशी उभी राहिले. या घरात आल्यापासून मी ही बाई कधी घाबरलेली बघितली नव्हती. सुई टोचताना त्यांचा हात चाचपडत आला आणि हाताला लागलं ते धरलं. माझं तेच बोट. असं पिळून धरलं की त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

मी सवयीनं किंचाळायला तोंड उघडलं. दुखलंच नाही. त्यांच्या मुठीत बोट होतं, घाम आलेल्या गरम मुठीत, आणि नुसतं धरलेलं कळत होतं.

"दुखतंय का गं?" पालथ्या पडल्या पडल्या त्यांनीच विचारलं.

"न्हाई आत्या," मी म्हटलं. "धरा."